नाकापेक्षा मोती जड नको: जुन्या छोट्या बोटीला तगडं इंजिन बसवताना

जुनी १४ ते १८ फुटी फायबरची बोट आहे, हल, म्हणजे बोटीचं मुख्य अंग, अजून चांगलं आहे, मागचं इंजिन मात्र दमलंय, आणि डोक्यात आलंय की बदलायचंच आहे तर आता जरा दणदणीत काहीतरी टाकू. इथपर्यंत सगळं ठीक. गडबड पुढे होते, कारण बहुतेक जण लगेच ११५ हॉर्सपॉवरचं (एचपी) घेऊ का १५० चं घेऊ यात अडकतात आणि बोटीकडे नीट बघायचं राहूनच जातं. माझं म्हणणं असं की इंजिन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ट्रान्सम बघा, म्हणजे इंजिन जिच्यावर लटकतं ती मागची उभी भिंत, मग बोटीचं खरं वजन, मग बोटीवरची कपॅसिटी प्लेट, म्हणजे किती ताकद आणि वजन चालेल ते लिहिलेली पाटी, आणि या तिघांत जे बसेल त्यातलं सगळ्यात हलकं इंजिन घ्या. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः आउटबोर्डबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणाऱ्या इंजिनांबद्दल आहे, इंजिन बोटीच्या आत असलेल्या इनबोर्डवाल्यांसाठी शेवटाकडे थोडक्यात आहे.

ट्रान्समपासूनच सुरू करू, कारण निम्मे प्रोजेक्ट इथेच अडकतात. १९६०, ७०, ८० च्या दशकातल्या बहुतेक फायबर बोटींच्या ट्रान्सममध्ये बाहेरून आणि आतून फायबरग्लासची स्किन असते आणि मधे साधारण दीड इंच प्लायवूड. बाहेरून जेलकोट चकचकीत आणि आत प्लायचा चिखल, हे अगदी नेहमीचं. पाणी शिरतं ते इंजिनाच्या जुन्या बोल्टच्या भोकांतून, ड्रेन प्लगच्या नळीच्या कडेने, आणि आधीच्या मालकाने फिशफाइंडरच्या ट्रान्सड्यूसरसाठी मारलेल्या दोन स्क्रूंमधून, ज्यांना सीलंट लावायचं कुणालाच सुचलेलं नसतं.

तपासायला महागडं काही लागत नाही. जुनं इंजिन अजून लटकत असेल तर ते अर्धवट वर टिल्ट करा, लोअर युनिटला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या गिअरच्या भागाला, धरून अंगाचं वजन टाकून वर-खाली करा, आणि दुसऱ्या कुणालातरी ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा. कड हलताना दिसली किंवा स्प्लॅशवेलच्या, म्हणजे ट्रान्समच्या पुढे पाणी अडवायला केलेल्या खळग्याच्या, कोपऱ्यात भेगा उघडझाप करताना दिसल्या तर विषय संपला, ट्रान्सम गेलेला आहे. मग छोट्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी मंद, बसका. शेवटी खात्री करायची तर ड्रिलने, आतल्या बाजूने, तळाजवळ आणि बोल्टांच्या आसपास बारीक ३-४ मिलिमीटरची भोकं मारायची, बाहेरची स्किन फोडायची नाही, आणि बाहेर येणारा भुसा बघायचा. फिका आणि कोरडा असेल तर छान. काळपट, ओला, आंबूस वासाचा निघाला तर तुमचं बजेट इंजिनाचं नाहीये, आधी ट्रान्समचं आहे. भोकं नंतर एपॉक्सीने बुजवून टाका. मॉइश्चर मीटर असेल तर वापरा, पण त्याचा आकडा स्वतंत्रपणे मानू नका, बोटीच्या नक्की कोरड्या असलेल्या भागाशी तुलना करूनच त्याला अर्थ येतो.

एक गोष्ट लोक विसरतात, ट्रान्सम एकटा जोर घेत नाही. इंजिन ढकलतं तो जोर ट्रान्सममधून स्ट्रिंगर्सवर, म्हणजे तळाशी लांबीला जाणाऱ्या दांड्यांवर जातो, आणि जुन्या बोटीत तेही लाकडाचेच असतात. फ्लोअरवर चालताना कुठे स्पंजसारखं दबत असेल तर खाली स्ट्रिंगरही बघावे लागणार. नवा ट्रान्सम आणि कुजके स्ट्रिंगर असं करून काहीच फायदा नाही.

ट्रान्सम बदलायचा असेल तर साधारण पद्धत अशी, एक स्किन शाबूत ठेवायची, शक्यतो बाहेरची, म्हणजे बोटीचा आकार बिघडत नाही. आतून स्किन कापून कुजका प्लाय सगळा, अगदी कोपऱ्यातलासुद्धा, खरवडून काढायचा, सुकू द्यायचं, घासून घ्यायचं, मग पाऊण इंची मरीन प्लायचे दोन थर जाड केलेल्या एपॉक्सीने एकमेकांना आणि स्किनला चिकटवायचे. आतून बायअ‍ॅक्सियल ग्लासचे थर देताना ते हलच्या बाजूंवर आणि तळावर ऐसपैस चढवायचे, कोपऱ्यात फिलेट करून, म्हणजे एपॉक्सीने कोपरा गोलसर भरून, काटकोनात ग्लास वळवायचा नाही. ट्रान्सम आणि स्ट्रिंगरच्या मधे त्रिकोणी नी-ब्रेस टाकले तर मोठ्या इंजिनाला खूप आधार मिळतो आणि उघडलंच आहे तर ते करूनच घ्या. प्लायऐवजी ओतायचे कंपोझिटसुद्धा मिळतात, दोन स्किनच्या मधला कुजका गाभा काढून तिथे ओततात. ते कुजत नाही हा फायदा, पण काढणीचं घाण काम तेवढंच आहे आणि ओतताना स्किन बाहेर फुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लावावे लागतात.

आता वजन, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. जुन्या बोटींच्या फ्लोअरखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, आणि दशकानुदशकं बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यात बसून तो पाणी पितो. ९०-१०० किलो पाणी फोममध्ये लपलेलं असणं काही विशेष नाही, यापेक्षा जास्तही निघतं. शोधायचा सोपा मार्ग म्हणजे ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर नेणं, मग बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर तोलणं, आणि आलेला फरक कंपनीने दिलेल्या हलच्या वजनाशी ताडून बघणं. इंजिन, बॅटरी, पेट्रोल वजा करूनसुद्धा आकडा खूप जास्त आला तर फ्लोअरला एक गोल भोक पाडून फोमचा तुकडा काढा. हाताने पिळला आणि पाणी आलं तर सगळा फोम बदलायचा, बदलायचा म्हणजे नवा क्लोज्ड-सेल फोम परत भरायचाच, नुसता काढून मोकळं ठेवायचं नाही, बोट बुडाली तर तोच तुम्हाला वर ठेवणार आहे.

हे वजनाचं एवढं का लावून धरतोय ते आकड्यांत बघा. छोट्या प्लेनिंग बोटीचा, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरणाऱ्या बोटीचा, टॉप स्पीड ढोबळ काढायला क्राउचचं सूत्र वापरतात, एकूण वजन पौंडात घ्यायचं, त्याला हॉर्सपॉवरने भागायचं, वर्गमूळ काढायचं, आणि बोटीच्या प्रकारानुसार ठरलेल्या एका स्थिरांकाला त्या वर्गमूळाने भागायचं, उत्तर ताशी मैलात येतं. हलक्या रनअबाउटसाठी, म्हणजे छोट्या उघड्या मोटरबोटीसाठी, स्थिरांक १८० च्या आसपास धरतात. आता माणसं-पेट्रोलसकट १६०० पौंडांची बोट आणि ८५ एचपी धरलं तर साधारण ४१.५ मैल येतात, म्हणजे ६७ किलोमीटर. तिला ११५ लावलं आणि वजन १६५० झालं तर ४७.५ मैल. १५० लावलं आणि वजन १७५० झालं तर ५२.७ मैल. म्हणजे ताकद पाऊणपट वाढवून स्पीड जेमतेम सव्वापट झाला. आणि आता ११५ च ठेवून बोटीतून २०० पौंड ओला फोम आणि अडगळ काढा, १४५० पौंडांवर ५०.७ मैल येतात. ११५ आणि १५० मधला निम्म्याहून जास्त फरक तुम्ही फक्त पाणी बाहेर काढून भरून काढलात, आणि त्यासाठी ट्रान्समवर एक ग्रॅम वाढला नाही. सूत्र ढोबळ आहे हे मान्य, पण वर्गमूळ काही चुकत नाही, दुप्पट ताकदीला स्पीड ४१ टक्केच वाढतो, तेही वजन तेवढंच राहिलं तर.

आणि वजन तेवढंच राहत नाही. ८० च्या दशकातली टू-स्ट्रोक व्ही-४ ११५ एचपी इंजिनं साधारण १४० किलोंच्या आसपास होती. आजचं मर्क्युरीचं २.१ लिटरचं ११५ फोर-स्ट्रोक १६३ किलोंपासून सुरू होतं, आणि त्यांचं ३ लिटरचं १५० फोर-स्ट्रोक २०६ किलोंपासून. त्यात जॅकप्लेटचे, म्हणजे इंजिन वर आणि मागे घ्यायला मधे बसवतात त्या प्लेटचे, १०-१५ किलो धरा, वर मोठी बॅटरी. हे सगळं वजन बोटीच्या सगळ्यात मागच्या टोकावर, जिथे जुन्या हलचा तरंगायचा जोर आधीच कमी असतो. म्हणून इंजिन विकत घ्यायच्या आधी एक टेस्ट कराच, जुनं इंजिन तसंच ठेवून नव्या-जुन्याच्या वजनात जो फरक असेल तेवढ्या वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे कॅन ट्रान्समला टेकवून ठेवा, टाकी भरा, नेहमी जेवढी माणसं असतात त्यातली दोन मागे उभी करा, आणि बोट स्थिर पाण्यात कशी बसते ते बघा. स्प्लॅशवेलच्या ड्रेनमधून पाणी आत यायला लागलं, किंवा ट्रान्समची कड पाण्याच्या अगदी जवळ आली, तर ते इंजिन तुमच्या बोटीचं नाही. मागून आलेल्या एका लाटेने किंवा अचानक थ्रॉटल सोडल्यावर स्वतःच्याच मागून येणाऱ्या लाटेने बोट भरू शकते.

प्लेटचं थोडक्यात. अमेरिकेत १९७२ च्या नोव्हेंबरपासून २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर कपॅसिटी प्लेट बंधनकारक झाली, त्यावर जास्तीत जास्त एचपी, माणसं आणि वजन लिहिलेलं असतं. तिथला हॉर्सपॉवरचा आकडा काढायची पद्धत अगदी साधी आहे, बोटीची लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत, आणि हा गुणाकार ५२.५ च्या वर असेल, रिमोट स्टिअरिंग (चाकाने चालणारं) असेल आणि ट्रान्सम निदान २० इंच उंच असेल तर गुणाकाराची दुप्पट वजा ९०. १६ फुटी बोटीचा ट्रान्सम ६ फूट रुंद असेल तर गुणाकार ९६, त्याची दुप्पट १९२, वजा ९०, म्हणजे १०२. तुमच्या बोटीवर प्लेट नसेल तरी या हिशोबाने निदान अंदाज येतो की कुठे थांबायचं. प्लेटपेक्षा जास्त एचपी लावणं कुठे सरळ बेकायदेशीर असतं, कुठे नसतं, पण विमा कंपनी क्लेम नाकारायला हेच कारण शोधत असते, त्यामुळे इंजिन घ्यायच्या आधी आपल्याकडचा नियम आणि पॉलिसी दोन्ही वाचा.

आणि यात एक आनंदाची बातमी आहे. ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बरेच आउटबोर्ड क्रँकशाफ्टवर मोजलेल्या हॉर्सपॉवरने विकले जायचे, नंतर ते मोजमाप प्रॉपशाफ्टवर आलं, म्हणजे गिअर आणि बेअरिंगमध्ये जे खर्च होतं ते वजा करून. त्यामुळे ७० च्या दशकातलं ८५ आणि आजचं ८५ एक नाहीत, आजचं जास्त ढकलतं. बऱ्याच बोटींना प्लेटच्या आतलंच आधुनिक इंजिन लावून सुद्धा मालकाला वाटतं की बोट वेगळीच झाली.

इंजिन कुठलं घ्यायचं? निव्वळ ताकद भागिले वजन बघितलं तर जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक अजूनही जबरदस्त आहेत, मर्क्युरीचे २ आणि २.५ लिटरचे व्ही-६ तर हॉटरॉडवाल्यांचे लाडके, पण पेट्रोल ओतून पितात, थंडीत खोकतात, आणि काही जलाशयांवर अशा इंजिनांना बंदीच आहे. डायरेक्ट इंजेक्शनची टू-स्ट्रोक मधला मार्ग होती, पण एव्हिनरूडने २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणंच थांबवलं, त्यामुळे त्यांचं ई-टेक, म्हणजे तसलंच डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, घेताना जवळपास पार्ट आणि डायग्नोस्टिक जाणणारा मेकॅनिक आहे का ते आधी बघा. फोर-स्ट्रोकमध्ये १४-१६ फुटी हलक्या बोटींसाठी यामाहाचं एफ-७० मला सगळ्यात पटतं, १ लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं, १२० किलोंच्या आत, आणि ६३०० आरपीएमपर्यंत मजेत फिरतं. त्याहून मोठ्या बोटीला ११५ च्या वर्गातलं काहीतरी, मर्क्युरीचं ११५ प्रो एक्सएस वगैरे, ज्याची फुल थ्रॉटल रेंज ५३०० ते ६३०० आहे. १५० चा मोह १८ फुटी आणि रुंद ट्रान्समच्या बोटीलाच परवडतो.

सेकंडहँड घेत असाल तर इंजिन थंड असतानाच बघायला जा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं मोजायचं, आकडा किती यापेक्षा एकमेकांतला फरक महत्त्वाचा, १० टक्क्यांच्या वर फरक असेल तर निघा. लोअर युनिटचा खालचा स्क्रू थोडा सैल करून गिअर ऑइल बघा, दुधाळ असेल तर पाणी जातंय. नव्या इंजिनांच्या ईसीयूतून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून, चाललेले तास आणि कुठल्या आरपीएमला किती वेळ चाललं ते कॉम्प्युटरवर काढता येतं, त्याचा प्रिंटआउट मागा. बाकी काहीही असो, घरी आणल्यावर वॉटर पंपचा इंपेलर बदलल्याशिवाय फुल थ्रॉटल द्यायचं नाही.

शाफ्टची लांबी आधी जुळवा, कारण ही चूक बोल्ट लावल्यावर दुरुस्त होत नाही. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून मधोमध खाली तळापर्यंत मोजा, १५ इंच असेल तर शॉर्ट, २० असेल तर लाँग, २५ असेल तर एक्स्ट्रा लाँग. जुन्या छोट्या बोटी बऱ्याचदा १५ इंची असतात आणि मोठी नवी इंजिनं २० च्या खाली मिळतच नाहीत, मग एकतर ट्रान्सम वर उचलून बांधायचा, जो उघडलाच आहे तर सोपा पडतो आणि बोट जास्त सुरक्षितही होते, नाहीतर जॅकप्लेट.

बोल्टांची भोकं. मधल्या आणि मोठ्या आउटबोर्डांचा पॅटर्न बऱ्यापैकी स्टँडर्ड आहे, वरच्या दोन भोकांत १२ आणि ७/८ इंच अंतर, अर्ध्या इंचाचे बोल्ट. जुनी भोकं जुळली तर उत्तम, पण ती लांबट झाली असतील तर तशीच वापरू नका. मी तर सांगेन की प्रत्येक भोक आधी मोठ्या ड्रिलने पाडा, जाड एपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की त्याच्या मधोमध अर्ध्या इंचाचं भोक पाडा, म्हणजे बोल्टच्या भोवती लाकूड उघडं राहतच नाही, पुढे कधी सीलंट फाटलं तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. मध्यरेषा दोन्ही चाइनपासून, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात त्या कडांपासून, मोजून काढा, वरच्या कडेवरून नाही, जुन्या बोटीची वरची कड सरळ असेलच असं नाही. बोल्ट स्टेनलेसचे, आतून मोठे वॉशर किंवा अख्खी बॅकिंग प्लेट, नायलॉक नट, आणि सीलंट असं की जे उद्या सुटेल. ३एम ५२०० सारखं कायमचं चिकटणारं इथे लावू नका, पुढच्या वेळी इंजिन काढताना ट्रान्समची स्किन सोबत येईल.

उंचीची सुरुवात अशी करा की इंजिनावरची अँटी-व्हेंटिलेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर आडवी असते ती, बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जास्तीत जास्त इंचभर वर येईल. तिथून पाण्यात चालवून एक-एक भोक वर न्यायचं. जॅकप्लेटने इंजिन मागे गेलं असेल तर दर ८-१० इंच मागे साधारण १ इंच वर न्यायला वाव मिळतो, कारण बोटीच्या मागे पाणी थोडं वर उसळतं. जितकं वर तितका पाण्याचा रेझिस्टन्स कमी आणि स्पीड जास्त, पण कूलिंगचं पाणी घेणारी भोकं हवेत आली तर इंजिन शिजेल. त्यामुळे वॉटर प्रेशर गेज बसवल्याशिवाय उंचीचे खेळ करू नका.

स्टिअरिंगवर खर्च करा, इथे कंजूषी नको. जुनी केबल स्टिअरिंग ४० एचपीच्या हिशोबाने बसवलेली, आत ग्रीस सुकलेली, आणि लोक तिच्यावर ११५ चालवतात. इंजिन सरळ ठेवून लोअर युनिट हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा, चाक न फिरता इंजिन हलतं तेवढा सगळा ढिलेपणा ८० किलोमीटरच्या स्पीडला तुमच्या हातात येणार आहे. मोठ्या इंजिनाला हायड्रॉलिक स्टिअरिंग हा माझ्या मते पर्याय राहिलेलाच नाही, ते त्या एचपीसाठी रेटेड असलं पाहिजे एवढं बघा. केबल ठेवायचीच असेल तर नवी, दुहेरी. कंट्रोल बॉक्स आणि वायरिंग हार्नेस जुने वापरायच्या भानगडीत पडू नका, वेगळ्या कंपनीच्या केबलचा प्रवास आणि दिशा जुळत नाही आणि गिअर अर्धवट पडला तर क्लच डॉगचे, म्हणजे गिअर पकडणाऱ्या दातांचे, कोपरे झिजून जातात. किल स्विचची दोरी अंगाला अडकवायची सवय लावून घ्या, अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर बहुतेक वेळा ती सक्तीचीच आहे, पण सक्ती नसली तरी जास्त ताकदीच्या बोटीतून ड्रायव्हर बाहेर पडला की बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

पेट्रोलच्या लाइनमध्ये टाकीपासून इंजिनापर्यंत काहीही जुनं ठेवू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या होजचा आतला थर सोलतं आणि तो कचरा इंजेक्टरमध्ये जातो, जुन्या पॉलिएस्टर फायबरच्या टाक्या तर ते विरघळवायलाच लागतं. नवी इथेनॉल चालणारी ३/८ इंची मरीन होज, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, नवा प्रायमर बल्ब. टाकीतून पेट्रोल बाहेर येतं तिथला अँटी-सायफन व्हॉल्व्ह, जो लाइन तुटली तर टाकी आपोआप रिकामी होऊ देत नाही, तपासा, तो चिकटला की इंजिन खालच्या आरपीएमला गोड चालतं आणि वर जाताना गुदमरतं, टू-स्ट्रोकमध्ये तर याने पिस्टन जळतो. शंका आली तर पोर्टेबल टाकी जोडून चालवून बघा, त्यावर नीट चाललं तर दोष बोटीच्या लाइनमध्ये.

इलेक्ट्रिकलचं एवढंच की नव्या इंजेक्शनच्या इंजिनांना व्होल्टेज पडलेलं चालत नाही, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रँकिंग अँपिअरची बॅटरी घ्या, टिन केलेल्या तांब्याची केबल वापरा, आणि विंगनट फेकून द्या. वजन पुढे न्यायला बॅटरी कन्सोलखाली नेणं चांगलंच आहे, फक्त केबल लांबली की तेवढी जाडही करावी लागते.

आता पंखा. इतका सगळा खर्च करून लोक जुना पंखा लावतात किंवा दुकानात जो होता तो, आणि मग म्हणतात इंजिनात दम नाही. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर किती इंच पुढे जाईल ते. फुल थ्रॉटलला, नेहमीच्या वजनासकट, आरपीएम कंपनीने दिलेल्या रेंजच्या वरच्या टोकाजवळ आला पाहिजे. खाली राहिला तर पिच कमी करा, लिमिटरला, म्हणजे इंजिनाच्या आरपीएमच्या कमाल मर्यादेला, लागला तर वाढवा, एक इंच पिचने साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. कमी आरपीएमवर ओढत राहिलेलं इंजिन ऐकायला शांत वाटतं पण आतून मार खात असतं. हिशोब असा करायचा, आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १०५६, उत्तर ताशी मैल. ६००० आरपीएम, १९ इंच पिच, २.०७ रेशो धरला तर कागदावर ५२ मैल येतात. जीपीएसवर ४६ दिसले तर स्लिप, म्हणजे कागदावरच्या आणि खऱ्या स्पीडमधली तूट, १२ टक्के, जे अशा बोटीसाठी ठीक आहे. २० च्या वर जात असेल तर इंजिन फार वर बसलंय, किंवा पंखा चुकीचा आहे, किंवा पंख्याच्या समोर हलवर काहीतरी पाणी फाडतंय, बहुतेक वेळा तो ट्रान्सड्यूसरच असतो. सुरुवातीचे प्रयोग स्वस्त अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यांवर करा, पिच कळला की मग स्टेनलेस, कारण स्टेनलेसची पाती पातळ असतात आणि जोरात वाकत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच पिचला ते जास्त चांगलं पकडतं. मागून जड झालेल्या बोटीला चार पात्यांचा पंखा मागची बाजू उचलायला मदत करतो, टॉप स्पीड थोडा जातो पण बोट प्लेनवर लवकर येते, आणि रोजच्या वापरात तेच जास्त कामाचं.

स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा भाग मागे बाहेर) आणि इनबोर्डवाल्यांनो, तुमच्याकडे दोन सापळे वेगळे आहेत. एक म्हणजे गाडीचं इंजिन तसंच उचलून टाकणं. मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर इग्निशन-प्रोटेक्टेड असतात, ठिणगी बाहेर येऊ देत नाहीत, गाडीचे तसे नसतात, आणि बिल्जमध्ये साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. ज्वाळा बाहेर येऊ न देणारा फ्लेम अरेस्टर आणि वाफ बाहेर फेकणारा ब्लोअरही हवेतच. शिवाय रेसिंगचा कॅमशाफ्ट टाकला तर व्हॉल्व्ह ओव्हरलॅप वाढून आयडलला एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. दुसरा सापळा म्हणजे इंजिन वाढवलं आणि ड्राइव्ह तोच ठेवला, मग गिअर आणि युनिव्हर्सल जॉइंट फ्यूजसारखे उडत राहतात.

पाण्यात पहिल्यांदा उतरल्यावर लगेच टॉप स्पीड बघायला जाऊ नका. नवं इंजिन असेल तर मॅन्युअलमधला ब्रेक-इन पूर्ण करा, साधारण पहिले १० तास आरपीएम बदलत राहायचं असतं. त्या वेळात टेम्परेचर, वॉटर प्रेशर, व्होल्टेज बघत राहा आणि आतून ट्रान्समकडे, बोल्टांच्या भोवती हेअरलाइन भेगा उमटतायत का तेही. मग स्पीड टप्प्याटप्प्याने, शांत मोकळ्या पाण्यात, लाइफजॅकेट घालून, किल स्विच अडकवून.

बोट नाक वर-खाली करत उड्या मारायला लागली तर आधी ट्रिम, म्हणजे इंजिनाचा ट्रान्समशी असलेला कोन, थोडा आत घ्या. त्याने भागत नसेल तर वजन मागे जास्त आहे, बॅटरी, अँकर, कूलर, जे हलतं ते पुढे न्या, मगच ट्रिम टॅब वगैरे खर्चाकडे वळा. आणि स्पीडला बोट डाव्या-उजव्या कुशीवर हलक्या तालात डोलायला लागली, आणि ते डोलणं वाढत चाललं, तर तो चाइन वॉक. ७० च्या दशकातल्या हलक्या व्ही-बॉटम स्पीडबोटींमध्ये, हायड्रोस्ट्रीम किंवा ग्लास्ट्रॉन-कार्लसनसारख्या, हे नेहमीचं, कारण त्या स्पीडला बोट तळाच्या अगदी अरुंद पट्टीवर उभी असते. अशा वेळी थ्रॉटल झटकन बंद करायचा नाही, नाक आपटून बोट गर्रकन फिरू शकते, हळूहळू कमी करायचा आणि ट्रिम आत. किनाऱ्यावर येऊन स्टिअरिंगचा ढिलेपणा शोधा, बऱ्याचदा तिथेच सापडतो. ड्रायव्हर एका बाजूला बसत असेल तर बॅटरी दुसऱ्या बाजूला नेऊन बघा.

ट्रेलर विसरू नका. इंजिन जड झालं की हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, पडणारं वजन कमी होतं, आणि ते एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या खाली गेलं तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो, मग विंच स्टँड पुढे सरकवून बोट पुढे घ्यावी लागते. इंजिन रस्त्यावर नुसतं टिल्टवर लटकवत नेऊ नका, इंजिनाला खालून ट्रेलरवर टेकू देणारा ट्रान्सम-सेव्हर बार लावा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तेवढं सगळं वजन तुमच्या नव्या ट्रान्समला हिसके देतं. पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर माउंटिंग बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, नवीन प्लाय आणि सीलंट थोडं बसतं आणि बोल्ट पाव-अर्धा फेरा घेतात, आणि बोल्ट दरवेळी तेवढेच फिरत राहिले तर आत काहीतरी दबतंय, इंजिन उतरवून तिथलं भोक उघडून बघा.